लोटस इलेव्हन रिस्टोअर केली, आता लिलावात किती येतील?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. १९५६ सालची लोटस इलेव्हन ही ब्रिटिश शर्यतीची गाडी, पहिली सिरीज, ल मां मॉडेल. नऊ वर्षांपूर्वी कोव्हेंट्रीजवळच्या एका शेडमधून जवळजवळ सांगाड्याच्या अवस्थेत घेतली. खरेदी धरून आजवर १,३८,००० पाउंड लागले. फ्रेम नवी, ॲल्युमिनियमची बॉडी नवी. मूळ १०९८ सीसीचं कॉव्हेंट्री क्लायमॅक्स इंजिन सापडलं नाही, म्हणून लोटस एलिटचं १२१६ सीसीचं बसवलंय. जुनी फ्रेम गंजकी आणि वाकडी, ती गॅरेजच्या छताला टांगून ठेवलीय. लिलावात निदान खर्च तरी सुटेल का, आणि नसेल सुटत तर गाडी पुण्याला नेऊन विकावी का?

आधी कडू भाग सांगून टाकतो. तुम्ही किती खर्च केला याच्याशी लिलावातल्या भावाचा काही संबंध नसतो. बिलांची फाइल जाडजूड असली की काम नीट झालंय एवढं कळतं, पण हात वर करणारा माणूस त्या बिलांची बेरीज करून बोली लावत नाही. ही गाडी नेमकी कोणती, हे तो आधी बघतो. १९५६-५७ मध्ये शर्यतीत पळालेली तीच ही गाडी आहे, की तिचा चासी नंबर (फ्रेमचा नंबर) लावलेली नवी गाडी? या एका प्रश्नाच्या उत्तरावर बाकी सगळा हिशेब उभा राहतो. आणि तुमच्या बाबतीत त्या उत्तराचा मोठा भाग छताला टांगलेला आहे. ती फ्रेम विकू नका, भंगारात घालू नका, आणि "फक्त बघायला" म्हणूनही कोणाला देऊ नका.

आता कारण. इलेव्हन सुमारे २७० बनल्या. लोटसचा कारखाना तेव्हा उत्तर लंडनमध्ये हॉर्नसीला होता आणि कारभार घाईगर्दीचा होता. खरेदीकर वाचावा म्हणून बऱ्याच गाड्या सुट्या भागांत विकल्या गेल्या आणि गिऱ्हाइकानेच जोडल्या. शर्यतीत ठोकर बसली की फ्रेम बदलायची, हे तर नेहमीचंच. कोपऱ्यात टाकलेली जुनी फ्रेम वीस-तीस वर्षांनी कोणीतरी सरळ करतो, तिच्यावर दुसरी गाडी उभी करतो, आणि मग एकाच नंबरवर दोन गाड्या हक्क सांगतात. त्यात परदेशी शर्यतींना जाताना सीमेवरची कागदपत्रं एका गाडीची आणि ट्रेलरवर दुसरीच, असेही प्रकार त्या काळी झाले. म्हणून या वर्गातला जाणता खरेदीदार संशयापासूनच सुरुवात करतो. भर म्हणजे १९८२ पासून वेस्टफील्डने इलेव्हनच्या हुबेहूब प्रतिकृती बनवल्या. नवी फ्रेम, नवा पत्रा आणि चुकीचं इंजिन असलेली चकचकीत इलेव्हन समोर आली की ती आणि चांगली प्रतिकृती यांत फरक काय, हे तुम्हालाच कागदावर सिद्ध करून द्यावं लागतं.

या बाबतीत इंग्लंडच्या न्यायालयातला एक निकाल वाचण्यासारखा आहे. 'ओल्ड नंबर वन' ही बेंटली स्पीड सिक्स १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत पहिली आली. पुढे तिच्यात बदलावर बदल झाले, इंजिनसुद्धा बदललं, १९३२ मध्ये ब्रुकलंड्सच्या शर्यतमार्गावर तिचा प्राणघातक अपघात झाला आणि ती पुन्हा बांधली गेली. एक कोटी पाउंडांचा सौदा ठरल्यावर खरेदीदार म्हणाला, ही खरी गाडीच नाही. १९९० मध्ये न्यायमूर्ती ओटन यांनी विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला. १९२९ मधले भाग फार थोडे उरलेत हे त्यांनी मान्य केलं. पण गाडीचं अस्तित्व मध्ये कुठेच तुटलं नव्हतं, एका रूपातून दुसरं रूप असा तो सलग प्रवास होता, म्हणून ती तीच गाडी. यातून आपल्या कामाचा मुद्दा एवढाच की भाग बदलले म्हणून गाडी खोटी ठरत नाही. साखळी मध्येच तुटली, किंवा तिच्या दोन शाखा झाल्या, की भाव पडतो. तुमची जुनी फ्रेम वेगळी विकली गेली तर नेमकी तशी दुसरी शाखा तयार होईल.

मग फ्रेमचं करायचं काय? दोन वाटा आहेत, आणि निवड फ्रेमच्या अवस्थेवर ठरेल.

इलेव्हनची फ्रेम म्हणजे एक इंच आणि पाऊण इंचाच्या गोल-चौकोनी नळ्यांचा पिंजरा, १८ आणि २० गेजचा. २० गेज म्हणजे जेमतेम ०.९ मिलिमीटर जाडी. नळ्या आतून गंजतात, त्यामुळे वरून बरी दिसणारी नळी टोकदार हातोडीने टिचकी मारली की भसकन आत जाते. इंजिनाचे माउंट, मागची दोन चाकं जोडणाऱ्या डी डियॉन नळीचे आधार आणि पुढच्या झुलत्या ॲक्सलचा मधला खिळा, या तीन ठिकाणच्या सांध्यांना हमखास तडे असतात. आधी अल्ट्रासोनिक जाडीमापकाने प्रत्येक नळी तीन जागी मोजून घ्या आणि फ्रेमच्या आराखड्यावर आकडे लिहा. निम्म्याहून जास्त नळ्या वाचत असतील तर माझं मत स्पष्ट आहे: खराब तुकडे कापून तिथे त्याच गेजची नळी ब्रॉन्झ-वेल्डने जोडावी, आणि गाडी पुन्हा मूळ फ्रेमवर चढवावी. हो, म्हणजे झालेलं काम पुन्हा उकलायचं. बॉडी नव्या फ्रेमवर बसवलेली असल्याने थोडं इकडेतिकडे होईल, आणि बोगद्याचा व तळाचा रिव्हेट मारलेला पत्रा नव्याने करावा लागेल, कारण तो फ्रेमच्या ताकदीचाच भाग आहे. तरीही या खर्चाइतका भावात परतणारा दुसरा खर्च या गाडीत उरलेला नाही.

फ्रेम साफ करताना वाळूचा मारा मात्र अजिबात नको. इतक्या पातळ नळीला तो खातो, आणि फ्रेमवर ठोकलेला नंबर असेल तर तो कायमचा जातो. रासायनिक द्रावणाने रंग काढा, नंबराच्या जागेवर आधी हाताने काम करा, तिरप्या उजेडात फोटो घ्या. कापलेले तुकडे फेकायचे नाहीत. प्रत्येकाला चिठ्ठी बांधून, कुठून काढला ते लिहून खोक्यात ठेवायचे आणि ते खोकं गाडीबरोबर विकायचं. बघणाऱ्याला ते भंगार वाटेल, पण तपासनिसासाठी तोच पुरावा असतो.

फ्रेम वाचण्यापलीकडे गेली असेल तर दुसरी वाट: ती गाडीबरोबरच द्यायची, आणि विक्रीच्या कागदात स्पष्ट लिहायचं की मूळ फ्रेम सोबत आहे, तिच्यावरचे सगळे हक्क या गाडीच्या मालकाकडे जातात, आणि गाडीवरची फ्रेम अमुक साली नवी बांधली आहे. हे लपवून दोन दिवस फायदा होतो. मग खरेदीदाराचा माणूस गाडीखाली टॉर्च घेऊन झोपतो, नव्या वेल्डचे मणी बघतो आणि उरलेल्या शंभर गोष्टींवरचा त्याचा विश्वास तिथेच संपतो.

इंजिनाचा मुद्दा त्यामानाने सोपा आहे. तुम्ही बसवलेलं एलिटचं एफडब्ल्यूई हे मूळच्या १०९८ सीसी एफडब्ल्यूएचंच मोठं भावंड: स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) तोच ६६.६ मिलिमीटर, फक्त बोअर (सिलिंडरचा व्यास) ७२.४ चा ७६.२ झाला. ताकद जास्त, चालवायला मजा जास्त. पण १९५६ च्या गाडीत १९५७ नंतरचं इंजिन म्हणजे ११०० सीसीच्या वर्गातून गाडी बाहेर, आणि इलेव्हनचं बरंचसं नाव त्याच वर्गातलं आहे. १९५६ मध्ये ल मांला ती ११०० च्या वर्गात पहिली आणि एकूण सातवी आली होती. त्यामुळे त्या काळचं, स्वतःचा नंबर असलेलं एफडब्ल्यूए शोधा. ते या गाडीचं मूळ नसलं तरी चालेल, 'काळाला धरून' एवढं पुरतं. घेताना ॲल्युमिनियमचा ब्लॉक आणि हेडचा तळ नीट पाहा. वर्षानुवर्षं नुसतं नळाचं पाणी भरलेलं असेल तर तिथे कीड लागलेली असते. आणि जुना नंबर घासून दुसरा ठोकण्याची सूचना कोणी केली तर त्या माणसाला गॅरेजची पायरी पुन्हा चढू देऊ नका. एफडब्ल्यूई विकू नका, सुटं ठेवा. शर्यतीला वापरणाऱ्या खरेदीदाराला ते जोडीला हवंच असतं.

कागदांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण तुमच्या पत्रात फक्त "व्ही५सी आहे" एवढंच आहे. व्ही५सी म्हणजे नोंदणी. गाडी कोणती, हे त्यावरून सिद्ध होत नाही. मूळ नोंदणी क्रमांक अजून गाडीवर आहे का? इंग्लंडात जुने छोटे नंबर वेगळे विकले जातात, आणि तो एकदा गेला की साखळीची एक चांगली कडी जाते. बफ रंगाचं जुनं लॉगबुक मिळालं तर त्यात मालकांची नावं आणि तारखा असतात. 'ऑटोस्पोर्ट' आणि 'मोटर स्पोर्ट'चे १९५६ ते १९६० चे अंक काढा, क्लबच्या शर्यतींचे कार्यक्रमपत्रक गोळा करा, आणि मालकाचं नाव, शर्यतीतला क्रमांक, गाडीचा रंग यांचा तक्ता करा. हिस्टॉरिक लोटस रजिस्टरला लिहा. त्यांच्याकडे गाड्यांच्या नोंदी असतात, आणि तुमच्या नंबरवर दुसरा कोणी दावा करतोय का, हे लिलावाच्या दिवशी कळण्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं. त्या काळचा फोटो मिळाला तर रिव्हेटची ओळ, आरशाची भोकं, बॉनेटवरची फट, असं गाडीच्या जुन्या पत्र्याशी जुळवून बघा. म्हणूनच विचारतो, जुनी बॉडी गेली कुठे? नाकाचा फाटका तुकडा जरी उरला असेल तरी जपा. त्यावर रंगाचे थर शाबूत असतील तर नाण्याएवढी जागा बारीक कागदाने हळूहळू घासून सगळे थर कड्यांसारखे उघडे करा आणि फोटो काढा. सर्वांत खालचा रंग जुन्या वर्णनाशी जुळला तर तो एक फोटो नव्या रंगकामाच्या बिलापेक्षा जास्त बोलतो.

एफआयए या मोटरशर्यतींच्या जागतिक संघटनेचा हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट, म्हणजे एचटीपी, याबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. गाडी तिच्या काळच्या तांत्रिक नियमांत बसते, एवढंच तो सांगतो. ही गाडी अस्सल आहे अशी ग्वाही तो देत नाही. उत्तम बांधलेल्या नव्या गाडीलाही तो मिळू शकतो. तरीही काढा, कारण तो नसला तर खरेदीदाराला पुढच्या हंगामात गाडी शर्यतीत उतरवायला वेळ लागतो, आणि तो वेळ तो भावातून कापून घेतो. अर्जात इंजिनाची क्षमता लिहावी लागते, म्हणून आधी एफडब्ल्यूए, मग एचटीपी. रोलबार, सुरक्षापट्टे, इंधनाची रबरी पिशवी हे सगळं बोल्टवर बसवा. फ्रेमला वेल्ड करू नका. इंधनपिशवीवरची तारीख बघा. पाच वर्षं झाली की ती बाद किंवा फेरतपासणीला. विक्रीच्या वेळी एक वर्ष उरलेली पिशवी म्हणजे खरेदीदाराच्या यादीत आणखी एक वजाबाकी.

यांत्रिक बाजूला एक चूक सर्रास होते: रिस्टोअर होऊन आलेली गाडी एक किलोमीटरही न पळवता थेट लिलावात नेणे. तुम्हाला ती 'कोरी' वाटते, खरेदीदाराला ती 'न तपासलेली' वाटते. तीन-चार टेस्ट-डे करा, इंजिनाचे तास वहीत लिहा. पाच ते दहा तास पळालेलं इंजिन सर्वांत चांगलं विकलं जातं. लीक-डाउन चाचणीचे (सिलिंडरमधून किती टक्के हवा गळते त्याचे) चारही सिलिंडरचे आकडे छापील द्या. दहा टक्क्यांच्या आत असतील तर कोणी वाद घालत नाही, वीसच्या वर असतील तर विक्रीआधी हेड उघडा. स्टब ॲक्सल, स्टिअरिंगचे आर्म, हाफशाफ्ट आणि हबचे स्प्लाइन यांची मॅग्नेटिक पद्धतीने तड्यांची तपासणी, ॲल्युमिनियमच्या भागांची तडे दाखवणाऱ्या डायने. प्रमाणपत्रावर भागाचा फोटो आणि तारीख हवी. गरम इंजिनाचा तेलदाब आळशी गतीला आणि चार हजार आरपीएमला किती, तेही लिहा. रंगाची झळाळी वाढवण्यात मात्र आणखी पैसे घालू नका. १९५६ मध्ये या गाड्यांचा रंग आरशासारखा नव्हता आणि जाणत्याला ते माहीत असतं.

आता भावाचा अंदाज. तुमच्या गाडीचा आकडा इथे बसून सांगणं बेजबाबदारपणाचं होईल. फ्रेम कोणती, इंजिन कोणतं आणि इतिहास किती, या तिन्ही उत्तरांवर एकाच नंबरची गाडी निम्म्या किंवा दुप्पट भावात जाऊ शकते. पण पद्धत सांगता येते. गेल्या दोन वर्षांतल्या फक्त इलेव्हनच्या विक्री घ्या. त्यातही ल मां मॉडेल, म्हणजे डी डियॉन ॲक्सल आणि डिस्क ब्रेकवाली, वेगळी काढा. क्लब आणि फोर्ड साइडव्हॉल्व्हवाली स्पोर्ट यांचे भाव त्यात मिसळू नका. विक्रेत्यांच्या संकेतस्थळावरचे मागणीभाव सोडून द्या. न विकल्या गेलेल्या गाडीची शेवटची बोली मात्र नोंदवा, पण सावधपणे, कारण राखीव किमतीपर्यंतच्या (ज्याखाली गाडी विकायची नाही त्या आकड्यापर्यंतच्या) बोली काही वेळा लिलावकर्ताच पुढे ढकलत असतो.

आणि छापून आलेला आकडा कधीही जसाच्या तसा घेऊ नका, त्यात बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलावगृह खरेदीदाराकडून बोलीवर घेतं ती टक्केवारी, मिसळलेला असतो. मोठं उदाहरण घेऊ म्हणजे लक्षात राहील. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कला १९६२ ची फेरारी २५० जीटीओ ५ कोटी १७ लाख ५ हजार डॉलरला गेली असं सगळीकडे छापलं. हातोडा पडला, म्हणजे शेवटची बोली थांबली, ती ४ कोटी ७० लाखांवर. पहिल्या अडीच लाखांवर १२ टक्के आणि उरलेल्यावर १० टक्के मिळून ४७ लाख ५ हजारांचा प्रीमियम वर चढला.

तुमच्या पातळीवर उतरून, फक्त समजण्यापुरते आकडे धरू. हातोडा १,००,००० पाउंडांवर पडला. खरेदीदाराचा प्रीमियम १५ टक्के, त्यावर २० टक्के व्हॅट: त्याच्या खिशातून १,१८,००० गेले. तुमचं कमिशन ५ टक्के आणि त्यावर व्हॅट, म्हणजे ६,०००. कॅटलॉग, फोटो, वाहतूक मिळून १,५०० धरा. तुमच्या हातात ९२,५००. मधले २५,५०० पाउंड तुम्हालाही दिसत नाहीत आणि त्यालाही. म्हणजे १,३८,००० हातात यायला हातोडा जवळपास दीड लाखावर पडायला हवा, आणि आज जशी आहे तशा अवस्थेत, नवी फ्रेम आणि एलिटचं इंजिन घेऊन, तशी अपेक्षा मी धरणार नाही. विक्रेत्याच्या कमिशनवर घासाघीस होते, लाजू नका. करारात आणखी एक ओळ शोधा: गाडी विकली गेली नाही तर तुमच्याकडून काय घेणार?

परदेशी खरेदीदाराचाही विचार ठेवा. नमुन्यादाखल ब्रिटनचाच नियम बघा: बाहेरून तिथे आणताना तीस वर्षांहून जुनी, मूळ स्थितीतली, उत्पादन बंद झालेली गाडी 'संग्राह्य वस्तू' ठरली तर आयातीवर व्हॅट ५ टक्के. नाही ठरली तर हिशेबच वेगळा. चासी, इंजिन, ब्रेक, स्टिअरिंगमध्ये मोठे बदल नसावेत ही त्यातली अट. इतर देशांचे नियम आपापले आहेत, पण सगळीकडे प्रश्न पुन्हा तोच विचारला जातो: गाडी कोणती?

पुण्याचं म्हणाल तर तो विचार सोडा. आयातीचे कर जबर आहेत. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपुढच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पण वापर रॅली, प्रदर्शन आणि दुरुस्ती-इंधनापुरताच. मुंबई-पुण्याच्या व्हिंटेज रॅलीत रोल्स-रॉइस आणि जुन्या मर्सिडीजना गर्दी जमते. साडेचारशे किलोची, छप्पर नसलेली, कंबरेपर्यंत जेमतेम येणारी शर्यतीची गाडी कशासाठी घ्यायची, हे समजणारे पैसेवाले तिथे हाताच्या बोटांवर. इलेव्हनचं गिऱ्हाईक गुडवुडला आणि ल मां क्लासिकला गाडी उतरवू पाहणारं आहे, म्हणून ती ब्रिटनमध्येच विका, आणि हंगाम सुरू होण्याआधी विका, म्हणजे घेणाऱ्याला त्याच वर्षी पळवता येईल.

राखीव किंमत ठरवताना घाबरून वर ठेवू नका. ती साधारणपणे लिलावगृहाने छापलेल्या अंदाजाच्या खालच्या आकड्यापेक्षा जास्त ठेवू देत नाहीत, त्यामुळे अंदाजच फुगवून घेण्याचा मोह होतो. फुगलेला अंदाज पाहून खरं गिऱ्हाईक हातच वर करत नाही, गाडी परत येते, आणि "ही तीच ना, मागच्या वेळी न गेलेली?" हा प्रश्न पुढची दोन-तीन वर्षं तिच्या मागे लागतो. म्हणून यंदा लिलावाचा अर्ज भरू नका. जाडीमापक मागवा आणि छतावरची फ्रेम खाली उतरवा.